घट्ट बसलेला ऑइल फिल्टर काढण्यासाठी योग्य पाना कसा निवडावा आणि कसा वापरावा

मोटारीचे इंजिन ऑइल घरच्या घरी बदलू पाहणाऱ्या नवख्या माणसाचे काम बहुधा एकाच ठिकाणी अडते. ड्रेन बोल्ट, म्हणजे ऑइल सोडण्यासाठी तळाला असलेला बोल्ट, सुटतो, काळे झालेले ऑइल घमेल्यात उतरते, नवे ऑइल आणि नवा फिल्टर बाजूला मांडून ठेवलेले असतात, आणि जुना फिल्टर मात्र जागचा हलत नाही. अशा वेळी हाताशी असेल त्या हत्याराने जोर वाढवत नेण्याकडे मनाचा कल होतो. त्यातून फिल्टरचा पत्रा चेपतो, मग फाटतो, आणि पंधरा मिनिटांचे काम दिवसभराचे होऊन बसते. घट्ट फिल्टर सुटणे हे जोरापेक्षा पकड नेमकी कुठे बसते यावर अवलंबून असते, आणि बाजारात मिळणारे निरनिराळे पाने हे त्या पकडीचे निरनिराळे प्रकार आहेत. आपल्या गाडीला त्यांपैकी कोणता लागू पडतो हे आधी समजून घेतले, तर उरलेले काम सोपे आहे.

फिल्टरची रचना

बहुतेक पेट्रोल मोटारींत पत्र्याच्या डब्याचा, आट्यांवर फिरवून बसवायचा फिल्टर असतो. त्याच्या एका टोकाला जाड पोलादी चकती असते. तिच्या मध्यभागी आटे पाडलेले मोठे छिद्र असते आणि त्याभोवती लहान छिद्रांचे वर्तुळ असते. लहान छिद्रांतून ऑइल आत जाते, कागदी घडीतून गाळले जाते आणि मधल्या छिद्रातून इंजिनाकडे परतते. चकतीच्या कडेला एका खोबणीत रबरी सील बसवलेले असते. इंजिनावरील गुळगुळीत बैठकीवर दाबले जाते ते हेच सील, आणि फिल्टर चिकटतो तो मुख्यतः याच सीलमुळे.

डब्याचा पत्रा अगदी पातळ असतो, साधारण अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास. त्याचे दोन भाग मात्र भक्कम असतात. पहिला म्हणजे चकतीलगतचा काठ, कारण तिथे पत्रा चकतीभोवती दुमडलेला असतो. दुसरा म्हणजे बंद टोकाकडील घुमट, ज्यावर बहुधा पैलू पाडलेले असतात. या दोहोंमधला डब्याचा मधला भाग सर्वांत कमकुवत असतो, आणि नवखा माणूस पाना लावतो तो नेमका तिथेच. पुढे जे सांगायचे आहे त्याचा गाभा हाच आहे की पकड काठाजवळ किंवा घुमटावर घ्यावी, मधोमध घेऊ नये.

काही इंजिनांत डबा नसून कायमस्वरूपी घर असते आणि त्याचे टोपण उघडून आतला कागदी गाळा तेवढा बदलतात. आपल्याकडे अनेक वर्षे स्विफ्ट, डिझायर, इंडिका व्हिस्टा, पुंटो अशा गाड्यांत बसवलेले १.३ लिटरचे मल्टिजेट डिझेल इंजिन हे याचे परिचित उदाहरण आहे. त्या टोपणाची रीत वेगळी असल्याने तिच्याविषयी पुढे स्वतंत्रपणे लिहिले आहे. मोटारसायकलींच्या बाबतीत बहुतेक ठिकाणी इंजिनाच्या बाजूला दोन-तीन बोल्टांनी बसवलेले लहान झाकण असते आणि त्यामागे गाळा असतो. तिथे फिल्टर पान्याचा प्रश्न येत नाही.

फिल्टर इतका घट्ट का होतो

सर्वांत नेहमीचे कारण म्हणजे मागच्या वेळी तो पान्याने आवळलेला असतो. फिल्टर हाताने आवळायचा असतो, पान्याने नव्हे. परंतु घाईत, किंवा गळती होईल या धास्तीने, बसवणारा पान्याने आणखी एक हिसका देतो. दुसरे कारण म्हणजे सीलला ऑइलचे बोट न लावता ते कोरडेच बसवलेले असते. कोरडे रबर फिरताना बैठकीवर घासते, पिळवटते आणि पुढे हजारो किलोमीटर तापून निवून तिथेच घट्ट धरते. ऑइल बदलण्याची मुदत फार लांबली की रबर कडक होते आणि ही चिकटण आणखी वाढते. कोकणपट्टीतील आणि गोव्यातील गाड्यांवर खाऱ्या हवेमुळे डब्याला बाहेरून गंज चढतो. त्याने फिल्टर घट्ट होतो असे नाही, पण पत्रा आणखी दुबळा होतो आणि पान्याखाली लवकर फाटतो, म्हणून अशा गाडीवर पाना निवडताना अधिक काळजी घ्यावी.

ही कारणे लक्षात घेतली की एक गैरसमज दूर होतो. गंजलेल्या नटबोल्टवर फवारतात तो गंज सोडवणारा द्रव फिल्टरवर फवारून फारसा उपयोग होत नाही. फिल्टरचे आटे आधीच ऑइलमध्ये बुडालेले असतात, ते गंजलेले नसतात. अडलेले असते ते सील, आणि त्याच्या बैठकीपर्यंत तो द्रव पोहोचत नाही. त्यापेक्षा इंजिन कोमट असणे अधिक उपयोगी पडते, कारण कोमट रबर थोडे सैल वागते. फिल्टरला ज्योत दाखवून तापवण्याचा सल्ला कोणी दिला तर तो मुळीच मानू नये. आत ऑइल आहे आणि जवळच इंधनाच्या नळ्याही असू शकतात.

काम सुरू करण्यापूर्वी

गाडी सपाट, पक्क्या जमिनीवर उभी करावी. हँडब्रेक ओढून गाडी गिअरमध्ये ठेवावी आणि जमिनीवरच राहणार असलेल्या चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे लावावेत. खालून काम करायचे असेल तर गाडीबरोबर मिळणारा जॅक हा चाक बदलण्यापुरता असतो हे पक्के ध्यानात ठेवावे. केवळ जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरू नये. वजन पेलणारे जॅक स्टँड गाडीच्या पुस्तिकेत दाखवलेल्या ठिकाणी लावूनच खाली जावे, आणि स्टँड लावल्यावर गाडी हाताने हलवून ती स्थिर असल्याची खात्री करावी. पावसाळ्यात भिजलेल्या मातीवर किंवा उताराच्या गल्लीत हे काम करूच नये. त्या दिवसापुरते काम पुढे ढकलणे हाच शहाणपणा आहे.

इंजिन पाच-सात मिनिटे चालवून बंद करावे आणि पंधरा ते वीस मिनिटे थांबावे. नुकत्याच लांबचा प्रवास करून आलेल्या गाडीचे ऑइल १०० अंश सेल्सिअसच्या आसपास असू शकते, आणि फिल्टरच्या शेजारून जाणारा एक्झॉस्टचा पाइप त्याहून कितीतरी अधिक तापलेला असतो. अशा गाडीला तासभर तरी निवू द्यावे. हातात ऑइल न शोषणारे रबरी हातमोजे घालावेत. वापरलेले ऑइल वारंवार त्वचेला लागणे आरोग्याला घातक आहे, त्यामुळे रोज हे काम करणाऱ्यांनीही ही सवय ठेवावी असे मला मनापासून वाटते.

आता एक सूचना, जी बहुतेक मार्गदर्शनांत सुटून जाते. फिल्टर घट्ट असल्याची शंका असेल तर ऑइल काढण्यापूर्वीच तो सुटतो का हे पाहून घ्यावे. खाली घमेले ठेवून पाना लावावा आणि फिल्टर किंचित फिरतो का ते अजमावावे. फिरला, तर मग ड्रेन बोल्ट खोलून नेहमीच्या क्रमाने पुढे जावे. नाही फिरला, आणि डबा शाबूत आहे, तर इंजिनातले ऑइल जागच्या जागी असते आणि गाडी चालवत गॅरेजपर्यंत नेता येते. ऑइल आधीच काढून टाकल्यावर फिल्टर अडला, तर गाडी अंगणातच अडकते. मात्र फिल्टर थोडासा जरी फिरला असेल, तरी त्यानंतर इंजिन सुरू करू नये, कारण सील एकदा जागचे हलले की ते दाबाखाली ऑइल धरून ठेवील याची खात्री नसते.

कोणता पाना कुठे चालतो

पाना विकत घेण्याआधी हातात बॅटरी (टॉर्च) घेऊन फिल्टरकडे नीट पाहावे. त्याच्या खाली किती जागा आहे, बाजूने हात शिरतो का, पान्याचा दांडा किती अंशांत फिरू शकेल आणि बंद टोकावर पैलू आहेत की तो गुळगुळीत आहे, या प्रश्नांची उत्तरे मिळाली की निवड जवळजवळ आपोआप होते.

टोपी पाना किंवा कप पाना हा मोटारींसाठी माझ्या मते सर्वांत चांगला. ही वाटीसारखी धातूची टोपी असते, आतून पैलूदार. ती फिल्टरच्या घुमटावर चपखल बसते आणि तिच्या मधल्या चौकोनी खाचेत रॅचेट, म्हणजे न काढता मागेपुढे करत एकाच दिशेने फिरवता येणारा दांडा, लावून फिरवायचे असते. बाजूला जागा नसली तरी चालते, एक्स्टेन्शन (लांबी वाढवणारा जोडदांडा) लावून खोलवर पोहोचता येते, आणि जोर पत्र्याच्या भक्कम भागावर सगळीकडे सारखा पडतो. त्याची एकच अट आहे की माप तंतोतंत जुळले पाहिजे. टोपीवर व्यास आणि पैलूंची संख्या कोरलेली असते, उदाहरणार्थ ६५ मिमी आणि १४ पैलू, किंवा ७६ मिमी आणि १५ पैलू. एक-दोन मिलिमीटर सैल टोपी घट्ट फिल्टरवर फिरून पैलू झिजवून टाकते, आणि पैलू झिजले की हा मार्ग कायमचा बंद होतो.

इथे एक बारकावा आहे. दुकानात माप घेण्यासाठी लोक नवा फिल्टर घेऊन जातात, पण काढायचा असतो जुना. एकाच गाडीसाठी वेगवेगळ्या कंपन्या बनवतात त्या फिल्टरचे आटे आणि सील सारखे असले, तरी डब्याचा व्यास आणि पैलू वेगळे असू शकतात. म्हणून गाडीवर बसलेल्या फिल्टरचे नाव आणि क्रमांक वाचून किंवा छायाचित्र काढून ते सोबत न्यावे, शक्य असेल तर बंद टोकाचा व्यास मोजून घ्यावा आणि पैलू मोजावेत. मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटवर किंवा पुण्याच्या नाना पेठेत असे पाने सहज पाहायला मिळतात, आणि हातात घेऊन पारखलेला पाना हा केवळ चित्र पाहून मागवलेल्या पान्यापेक्षा बरा.

पट्टा पाना दोन प्रकारचा मिळतो. रबरी किंवा विणलेल्या कापडी पट्ट्याचा पाना निरनिराळ्या व्यासांच्या फिल्टरांना चालतो आणि पत्र्याला जखम करत नाही, पण ऑइलने माखलेल्या डब्यावर तो घसरतो, म्हणून डबा आधी कोरड्या चिंधीने स्वच्छ पुसावा. धातूच्या पट्ट्याचा पाना अधिक पकड देतो, मात्र त्यालाही मापाची मर्यादा असते आणि त्याचा दांडा फिरवायला बाजूला मोकळी जागा लागते. दोन्ही प्रकारांत ओढ लागली की पट्टा अधिक आवळला जातो. पण हे होते ते पाना योग्य बाजूने लावला असेल तरच. तो उलटा लावला गेला, तर ओढ लागताच पट्टा सैल पडतो. असे झाले तर पाना पालटून लावावा. धातूची पट्टी घसरत असेल, तर पट्टी आणि डबा यांच्यामध्ये पॉलिश पेपरची एक पट्टी खरखरीत बाजू डब्याकडे करून ठेवावी, पुष्कळदा तेवढ्याने काम होते.

पट्टा लावण्याची जागा काठाजवळची, म्हणजे इंजिनाकडच्या टोकाची. जितका तो मधे सरकेल तितका डबा चेपण्याचा धोका वाढतो. चेपलेला डबा गोल राहत नाही, आणि गोल नसलेल्या डब्यावर पट्टा पुन्हा नीट बसत नाही.

तीन पायांचा पाना फिल्टरच्या बंद टोकावरून बसवतात. रॅचेट फिरवले की त्याचे तीन पाय आतल्या दातेरी चाकामुळे जवळ येत जातात आणि डब्याला चोहोबाजूंनी आवळतात. जितका जोर अधिक, तितकी पकड अधिक. वेगवेगळ्या मापांना तो चालतो, आणि पैलू झिजलेल्या किंवा थोड्या चेपलेल्या डब्यालाही धरतो, त्यामुळे टोपी हरली की मी याच्याकडे वळण्याचा सल्ला देतो. काही पाने दोन्ही दिशांना आवळतात, काहींत एक भाग उलटा करून दिशा बदलावी लागते, तेव्हा विकत घेताना हे विचारून घ्यावे. फिल्टरच्या खाली हाताच्या मुठीएवढी जागा नसेल तर हा पाना तिथे मावत नाही.

फिल्टरसाठीची मोठी, वाकड्या जबड्यांची पक्कड बाजूने शिरते आणि अरुंद जागेत उपयोगी पडते. पण तिचे दात पत्र्यात रुततात. तिने फिल्टर सुटतो, पण नाही सुटला तर डबा नक्की बिघडतो, म्हणून तिला अखेरच्या टप्प्यात हात लावावा. साखळी पाना हा ट्रक, ट्रॅक्टर आणि बांधकामाच्या यंत्रांच्या मोठ्या, जाड पत्र्याच्या फिल्टरांसाठी आहे. मोटारीच्या लहान फिल्टरवर साखळी दोन-चार ठिकाणी टोचते आणि डबा मुडपते, त्यामुळे मोटारीसाठी तो मी सुचवणार नाही.

नवख्या माणसाने एकच पाना घ्यायचा झाला, तर आपल्या फिल्टरच्या अचूक मापाची टोपी घ्यावी. दोन घ्यायचे झाले, तर दुसरा तीन पायांचा.

प्रत्यक्ष काढणे

सर्वांत आधी दिशा निश्चित करावी. फिल्टरच्या बंद टोकासमोर तोंड करून पाहिले असता घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरवल्यावर तो सुटतो. गाडीखाली झोपून वर पाहताना बंद टोक आपल्याकडे असते, तेव्हा अडचण येत नाही. पण बॉनेट उघडून वरून हात घातला आणि फिल्टर खाली लोंबकळत असेल, तर आपण त्याकडे मागच्या बाजूने पाहत असतो आणि तीच दिशा आपल्याला काट्यांच्या दिशेने फिरताना दिसते. सुटत नाही म्हणून जोर लावत राहिलेले कित्येक फिल्टर या गोंधळामुळे प्रत्यक्षात आवळले जात असतात. शंका असेल तर डब्यावर खडूने बाण काढावा.

मग डबा कोरडा पुसावा आणि पहिला प्रयत्न हातानेच करावा. चांगली पकड असलेले रबरी हातमोजे, किंवा डब्याभोवती गुंडाळलेला पॉलिश पेपर, एवढ्यावर अनेक फिल्टर सुटतात. न सुटल्यास टोपी बंद टोकावर ठेवून रबरी हातोडीने दोन-तीन हलके ठोके द्यावेत, म्हणजे ती पैलूंवर पूर्ण बसते. टोपी किंचित सैल वाटली, तर मध्ये पॉलिश पेपरचा तुकडा घालून ती घट्ट बसवता येते. फरक त्याहून जास्त असेल, तर हट्ट न करता दुसरी टोपी आणावी.

रॅचेट लावल्यावर एका हाताने टोपीचे डोके फिल्टरवर सरळ रेषेत दाबून धरावे आणि दुसऱ्या हाताने दांडा ओढावा. टोपी तिरकी होऊ देणे हे पैलू झिजण्याचे मुख्य कारण आहे. शक्य तिथे दांडा स्वतःकडे ओढावा, दूर ढकलू नये. फिल्टर अचानक सुटला, तर ढकलणाऱ्याची बोटे समोरच्या लोखंडावर आदळतात. जोर एकदम न लावता हळूहळू वाढवत न्यावा, आणि तरीही न हलल्यास दांड्याच्या टोकावर तळहाताने एक-दोन नेटके झटके द्यावेत. चिकटलेले सील सुटायला सततच्या ओढीपेक्षा असा झटका पुष्कळदा अधिक उपयोगी पडतो. रॅचेट आखूड पडत असेल, तर लांब दांड्याचे टी-हँडल घ्यावे. पट्टा पान्याच्या दांड्यावर मात्र पाइप चढवून तो लांब करू नये. पट्टा तुटला की हातातला जोर नेमका चेहऱ्याकडे किंवा कोपराकडे येतो.

या साऱ्यात डोळा पत्र्यावर ठेवावा. पत्रा चेपू लागला किंवा पान्याखाली सुरकुतला, की त्या क्षणी थांबावे. तोच पाना त्याच जागी आणखी जोराने लावून काही साधत नाही. टोपी घसरली असेल तर तीन पायांचा पाना लावावा, पट्टा मधे होता असे दिसले तर तो काठाकडे सरकवावा, आणि जागा असूनही हे जमत नसेल तर पक्कडीने काठालगत धरावे.

फिल्टर पाव फेरा फिरला की पाना काढून ठेवावा आणि पुढचे हाताने फिरवावे. सील सैल होताच काठातून ऑइल ओघळू लागते, म्हणून घमेले बरोबर खाली आहे ना हे पाहावे. आडव्या बसवलेल्या फिल्टरखाली प्लॅस्टिकची पिशवी धरून फिल्टर तिच्यातच उतरवून घेतला, तर ऑइल एक्झॉस्टवर किंवा बेल्टवर सांडत नाही. सांडलेच तर इंजिन सुरू करण्याआधी चिंधीने पुसून घ्यावे, कारण तापलेल्या एक्झॉस्टवरील ऑइलचा धूर होतो, आणि ते जास्त असेल तर पेटही घेते.

पेचकस आरपार ठोकण्याविषयी

फिल्टर अडला की त्यात मोठा पेचकस आरपार ठोकून तो दांड्यासारखा वापरावा, हा सल्ला आपल्याकडे प्रत्येक गल्लीत ऐकू येतो. कधी कधी तो यशस्वी होतोही. तरीही नवख्या माणसाने तो आधी करू नये असे मी आग्रहाने सांगेन. पत्रा पातळ असल्याने पेचकस तो सरळ चिरत जातो आणि चकती मात्र जागची हलत नाही. शिवाय भोक पाडल्यानंतर गाडी चालवत नेण्याचा पर्याय संपतो. इतर सर्व पाने वापरून झाले, इंजिनातले ऑइल काढून झाले आणि गाडी कुठे न्यायची गरज नसेल, अशाच स्थितीत हा मार्ग घ्यावा. तेव्हाही भोक चकतीच्या जवळ पाडावे आणि बैठकीला धक्का लागणार नाही याची काळजी घ्यावी.

डबा फाटून निघाला आणि इंजिनावर फक्त चकती उरली, तरी मार्ग संपत नाही. आतला गाळा आणि पत्र्याचे अवशेष जाड हातमोजे घालून काढून टाकावेत, कारण फाटलेल्या पत्र्याची धार सुरीसारखी असते. मग चकतीच्या बाहेरच्या काठावर बोथट छिन्नी तिरकी टेकवावी आणि सुटण्याच्या दिशेने हातोडीचे हलके ठोके द्यावेत. एकाच जागी न ठोकता काठावर वेगवेगळ्या ठिकाणी ठोकत गेले की चकती हळूहळू फिरू लागते. कधी चकतीच्या लहान छिद्रांत दोन मजबूत टोके अडकवूनही ती फिरवता येते. छिन्नी इंजिनाच्या बैठकीवर मात्र कधीही टेकवू नये. ती बैठक बहुधा ॲल्युमिनियमची असते, आणि तिच्यावरचा एक ओरखडाही पुढे कायमच्या गळतीला कारण होऊ शकतो. हे आपल्याला झेपेल असे वाटत नसेल, तर इथे थांबून मेकॅनिकला घरी बोलवावे.

टोपणाचा फिल्टर

कायमस्वरूपी घराच्या टोपणावर बहुधा मधोमध षटकोनी उंचवटा असतो, आणि त्यासाठी मोठी गोटी (सॉकेट) लागते. फोक्सवॅगन समूहाच्या अनेक इंजिनांत हे माप ३२ मिमी असते, इतर इंजिनांत वेगळे असते, म्हणून ते मोजूनच गोटी घ्यावी. गोटी सहा कोनांची असावी. बारा कोनांची गोटी प्लॅस्टिकच्या उंचवट्याचे कोपरे गोल करते. काही टोपणांवर उंचवट्याऐवजी पैलू असतात आणि त्यांना टोपी पाना लागतो.

इथे पत्रा फाटण्याची भीती नसते, पण प्लॅस्टिकचे टोपण तडकण्याची असते. म्हणून झटके न देता इंजिन कोमट असताना एकसारखा जोर लावावा. पक्कड, साखळी आणि तीन पायांचा पाना हे तिन्ही टोपणापासून दूर ठेवावेत. टोपण परत बसवताना नवी ओ-रिंग (गोल रबरी कडे) त्याच्या नेमक्या खोबणीतच बसवावी आणि टॉर्क पान्याने, म्हणजे किती जोर लागतो ते दाखवणाऱ्या पान्याने, आवळावे. पुष्कळ टोपणांवर २५ न्यूटन मीटर असा आकडा छापलेला असतो. जो छापलेला असेल तोच पाळावा. पुढच्या खेपेला टोपण सुटेल की नाही हे याच आकड्यावर ठरते.

नवा फिल्टर बसवताना

जुना फिल्टर हातात आला की पहिली गोष्ट म्हणजे त्याचे रबरी सील त्याच्याबरोबर आले आहे का हे पाहावे. घट्ट बसलेल्या फिल्टरचे सील कित्येकदा इंजिनालाच चिकटून राहते. त्यावर नवे सील चढले, तर इंजिन सुरू होताच दाबाने ऑइल बाहेर फेकले जाते आणि काही मिनिटांत इंजिन कोरडे पडू शकते. बैठक स्वच्छ चिंधीने पुसून तिच्यावरून बोट फिरवून पाहावे. आटे असलेली मधली पोकळ नळी जुन्या फिल्टरबरोबर निघून आली आहे का, हेही बघावे. आली असेल तर ती मेकॅनिककडून योग्य जोराने परत बसवून घ्यावी.

नव्या फिल्टरचे सील, त्याचा व्यास आणि आटे जुन्याशी ताडून पाहावेत. सीलला नव्या ऑइलचे बोट फिरवावे. फिल्टर हाताने फिरवत न्यावा, आणि तो सुरुवातीपासूनच अडखळला तर आटे तिरके गेले असे समजून काढून पुन्हा बसवावा. सील बैठकीला टेकले की तिथून पुढे हातानेच सुमारे पाऊण फेरा आवळावा. नेमका आकडा फिल्टरवर किंवा त्याच्या खोक्यावर छापलेला असतो. इथे पान्याचा मोह टाळावा. पुढच्या वेळचा अडलेला फिल्टर याच क्षणी तयार होत असतो. डब्यावर कायम शाईच्या पेनाने तारीख आणि किलोमीटर लिहून ठेवले, तर मुदत चुकत नाही.

ड्रेन बोल्ट नव्या वॉशरसह आवळून पुस्तिकेत सांगितलेल्या प्रमाणात ऑइल भरावे आणि इंजिन सुरू करावे. ऑइलच्या दाबाचा लाल दिवा काही सेकंदांत विझला पाहिजे. तो विझला नाही, तर लगेच इंजिन बंद करावे. दिवा विझल्यावर दोन-तीन मिनिटे इंजिन चालू ठेवून फिल्टरच्या काठाभोवती आणि ड्रेन बोल्टपाशी ओल दिसते का हे बॅटरीने पाहावे. इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटांनी डिपस्टिक (ऑइलची पातळी दाखवणारी पट्टी) तपासावी. नव्या फिल्टरने थोडे ऑइल शोषलेले असल्याने पातळी किंचित खाली दिसते, तेवढी भरून काढावी.

जुना फिल्टर उघडे तोंड खाली करून रात्रभर घमेल्यावर निथळत ठेवावा, कारण त्याच्यात अजून बरेच ऑइल साचलेले असते. वापरलेले इंजिन ऑइल हे २०१६ च्या घातक कचरा नियमांखाली येते, ते गटारात, नाल्यात किंवा शेताच्या बांधावर ओतू नये. झाकणाच्या कॅनमध्ये भरून, पाणी किंवा कूलंट न मिसळता, जुने ऑइल गोळा करून अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्यांना देणाऱ्या गॅरेजकडे किंवा सर्व्हिस सेंटरकडे ते सोपवावे, आणि निथळलेला फिल्टरही त्यांच्याचकडे द्यावा.